पहिल्या भागाच्या आधीची यादी

आपल्या केंद्रावरच्या श्राव्यमालिकेची तयारी सुरू झाल्यापासून भेटेल ती विचारते, "अगं, गोष्ट लिहायची तर लिहायची, त्याला एवढ्या बैठका कशाला?" आमच्या हातात एक मळकी वही असते. तिच्यात गोष्टीची एक ओळ नाही, नुसते प्रश्न आहेत. आज त्या प्रश्नांचा इतिहास सांगणार आहोत. त्यातला एकही आम्ही हवेतून काढलेला नाही. प्रत्येकाच्या मागे कुठल्या ना कुठल्या देशातल्या दूरदर्शन मालिकेची हकीगत आहे, एकामागे आमची स्वतःचीही आहे.

यादीचं आपल्याला नवल नसावं. बचत गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेतही म्हणता येते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. बैठकीत कितीही गप्पा रंगल्या, कितीही भांडणं झाली, तरी सचिव बाई या पाच गोष्टींवर बोट ठेवते आणि गाडी रुळावर येते. मालिका करणारेही असंच काहीतरी जवळ ठेवतात.

दूरदर्शनच्या धंद्यात पहिला नमुना भाग करायची रीत आहे. त्याला पायलट म्हणतात. शंभर भागांचा पैसा ओतण्याआधी एकच भाग करून बघायचा, जसं लोणच्याची मोठी बरणी घालण्याआधी आपण वाटीभर कालवून चव घेतो. या नमुना भागासाठी लेखक मंडळी जी यादी करतात ती साधारण ठरलेली असते. मुख्य माणूस कोण? त्याला काय हवंय? ते मिळू न देणारं कोण आहे? कुठल्या घरात, कुठल्या गल्लीत हे घडतं? पहिला भाग संपताना कोणता प्रश्न लोंबकळत राहतो? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, या गोष्टीत पन्नास भाग पुरेल एवढं दाणागोटा आहे का? हे प्रश्न चांगलेच आहेत. पण ते बघणाऱ्याला खुर्चीत बसवून ठेवण्यापुरते आहेत. मालिका बंद करून बाई उठली, की तिच्या आयुष्यात काय होतं, हे त्यांत कुठेच येत नाही. ते विचारायला लोक कसे शिकले, ती खरी हकीगत.

सुरुवात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात झाली, आणि तीही कुणी न ठरवता. १९६९ साली तिथे 'सिम्प्लेमेंते मारिया' नावाची मालिका लागली. नावाचा अर्थ 'नुसती मारिया'. डोंगराकडच्या गावातून लिमा या राजधानीत घरकामाला आलेली ही पोर. एका पैसेवाल्या घरच्या विद्यार्थ्याने तिला फसवलं, दिवस गेल्यावर सोडून दिलं. मूल पदरात घेऊन मारिया रात्रीच्या वर्गात अक्षरं गिरवायला लागली आणि शिवणयंत्रावर बसली. शिवता शिवता ती कपड्यांची नामांकित रचनाकार झाली. गोष्ट म्हटली तर ठरीव साच्यातली. पण लिमातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी ती स्वतःची म्हणून पाहिली. बायका साक्षरतेच्या आणि शिवणाच्या वर्गांत नावं घालायला लागल्या. सिंगर कंपनीच्या यंत्रांचा खप इतका वाढला की मारियाचं काम करणाऱ्या साबी कामालिच या नटीला कंपनीने सोन्याचं छोटं शिवणयंत्र भेट दिलं. मारियाचं तिला शिकवणाऱ्या मास्तरांशी लग्न लागलं, त्या प्रसंगाचं चित्रण लिमातल्या एका खऱ्या चर्चमध्ये होतं, तर तिथे हजारो माणसं सणासुदीचे कपडे घालून लग्नाला हजर.

इथे आमच्या बैठकीत थोडा वाद झाला. आमच्यातली एक म्हणाली, शिवणयंत्र विकून कंपनी मोठी झाली, बाईचं काय झालं? प्रश्न बरोबर आहे. आपल्या भागातही शिवणाचा वर्ग केलेल्या किती जणींच्या घरी यंत्रावर आज कपड्यांची गठडी ठेवलेली आहे, ते आपण बघतोच. तरी एवढं खरं, की कुणी भाषण न देता, कुणी 'शिका, शिका' असं न सांगता एका गोष्टीने बायकांना घराबाहेर काढलं होतं.

हे मेक्सिकोमधल्या मिगेल साबिदो नावाच्या माणसाच्या ध्यानात आलं. हा मूळचा नाटकवाला. तेलेविसा या तिथल्या मोठ्या दूरदर्शन कंपनीत काम करत होता. आपण घड्याळ उघडून बघतो तशी त्याने मारियाची गोष्ट उघडली. पेरूत जे आपोआप झालं, ते आधी ठरवून करता येईल का, असा त्याचा प्रश्न. त्यासाठी त्याने अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास जवळ घेतला. माणसं दुसऱ्याचं बघून शिकतात, आणि आपल्यासारख्या माणसाचं बघून जास्त शिकतात, हे बांडुराचं सांगणं. आपल्या आज्ज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. पण साबिदोने त्याची पद्धत बसवली.

त्या पद्धतीत गोष्ट लिहायला घेण्याआधी एक तक्ता करायचा. देशाची राज्यघटना, कायदे, संयुक्त राष्ट्रसंघाचे जाहीरनामे यांतून मूल्यं काढायची आणि प्रत्येकाची दोन वाक्यं समोरासमोर मांडायची. उदाहरणार्थ, 'मोठ्या वयात शिकणं चांगलं आहे' आणि समोर 'मोठ्या वयात शिकणं लाजिरवाणं आहे'. असा तक्ता सरकार, चर्च, वाहिनी, सगळ्यांपुढे ठेवून त्यांची मान्यता आधी घ्यायची, म्हणजे अर्ध्या वाटेवर कुणी गाडी अडवायला नको. मग पात्रं. काही पात्रं डाव्या वाक्यावर ठाम, काही उजव्या वाक्यावर ठाम, आणि मधे डगमगणारी. साबिदोचा सगळा जीव या मधल्यांवर. ती बघणाऱ्यासारखीच असली पाहिजेत, तशीच घाबरट, तशीच अडकलेली. त्यांतली काही लवकर बदलतात, काही ठेचा खाऊन उशिरा, एखादं शेवटपर्यंत बदलत नाही आणि त्याची किंमत मोजतं.

आमच्या वहीतला पहिला प्रश्न इथला आहे: यात डगमगणारी कोण? आम्ही पूर्वी पथनाट्यं केली आहेत. त्यांत एक शहाणी ताई असायची आणि एक दारुडा असायचा, दुसरं कुणीच नाही. ताई बोलायची, दारुडा सुधारायचा, टाळ्या पडायच्या. बघणाऱ्या बायकांत ना कुणी ती ताई होती, ना तो दारुडा.

साबिदोची पहिली अशी मालिका १९७५ च्या अखेरीला सुरू झाली. नाव 'वेन कोन्मिगो', म्हणजे 'माझ्याबरोबर ये'. मेक्सिको सरकारने प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले होते, पुस्तिका छापल्या होत्या, पण वर्गांत माणसं येत नव्हती. मालिकेत अशाच एका वर्गातली मोठी माणसं होती. भागाच्या शेवटी एखादा प्रसिद्ध नट पडद्यावर येऊन, हे वर्ग कुठे भरतात, पुस्तिका कुठे मिळतात, ते सांगायचा. एका भागात, आयुष्यभर अंगठा उठवलेला म्हातारा आजोबा शेवटी आपल्या नातीची पत्रं स्वतः वाचतो, असा प्रसंग होता. नंतर मोफत पुस्तिका कुठे मिळतात ते सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी मेक्सिको शहरातल्या पुस्तिकावाटपाच्या ठिकाणी एवढी गर्दी लोटली की रस्ते तुंबले आणि पुस्तिका संपल्या. पुढे वर्गात नाव घालणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली, म्हणून या मालिकेचं नाव जगभर गाजलं. ते ठीकच आहे. पण आम्हाला मात्र त्या दिवशी रिकाम्या हाताने परत फिरलेली माणसं दिसतात. चाळीस वर्षांचा मजूर, मोठ्या हिमतीने रांगेत उभा राहिलेला, आणि खिडकीतून उत्तर येतं, संपलं.

दिसतात, कारण आम्ही हेच केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका छोट्या श्राव्यनाटिकेत विधवा सून एका योजनेचा अर्ज भरते, असं दाखवलं होतं. शेवटी आम्ही उत्साहाने सांगितलं, "मैत्रिणींनो, वाट कसली बघता, सोमवारीच जा." सोमवारी चार गावांतून बायका गेल्या. ज्या कार्यालयात गेल्या तिथे अर्जच नव्हते. खिडकीवरच्या माणसाला आमच्या कार्यक्रमाची खबर नव्हती, आणि ती असायचं कारणही नव्हतं, आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं. त्या बायकांचा एक दिवसाचा रोज बुडाला, वर जाण्यायेण्याचं भाडं. एक मावशी पुढच्या बैठकीत काही बोलल्या नाहीत, फक्त एसटीचं तिकीट काढून सतरंजीवर ठेवलं. आमच्या वहीतला दुसरा प्रश्न त्या दिवसाचा आहे: हे ऐकून बाई उद्या सकाळी कुठे जाईल, आणि तिथे कोण भेटेल? त्याच्यापुढे त्या ठिकाणी आमच्यातलं कोण जाऊन आलं, त्याची सही आणि तारीख लागते. सही नसेल तर तो भाग ध्वनिमुद्रणाला जात नाही.

मेक्सिकोत 'वेन कोन्मिगो'च्या पाठोपाठ १९७७ साली 'आकोम्पान्यामे', म्हणजे 'मला सोबत कर', ही कुटुंबनियोजनाची मालिका आली. त्या काळात तिथल्या दवाखान्यांतून कुटुंबनियोजनाची साधनं घेणाऱ्या बायकांची संख्या ३३ टक्क्यांनी वाढली, असं सांगतात. ती मालिकेमुळेच वाढली असं आम्ही म्हणणार नाही. त्याच वर्षांत मेक्सिको सरकारचीही या कामाची मोठी मोहीम चालू होती. मालिकेने लोकांना दारापर्यंत आणलं असेल, पण दार उघडं होतं ते दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलं होतं म्हणून.

तिथून ही पद्धत आपल्या देशात आली. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग'चा पहिला भाग लागला. आमच्यातल्या बहुतेकींचा तेव्हा जन्म नव्हता, पण आमच्या आया आणि मावश्या ही मालिका शेजाऱ्यांच्या ओसरीत दाटीवाटीने बसून बघायच्या. साबिदोच्या मालिकांवरून प्रेरणा घेऊन, माहिती आणि प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव एस. एस. गिल यांनी पाठपुरावा करून ती उभी केली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंब. दारू पिणारा बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, आजी, आजोबा, आणि पाच मुलं, लल्लू, नन्हे, बडकी, मझली, छुटकी. भाग संपला की अशोककुमार येऊन बोलायचे, बघणाऱ्यांना प्रश्न विचारायचे. १५६ भाग, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष हे चाललं. लोकांनी लाखो पत्रं लिहिली.

आज सगळे 'हम लोग'चं यश सांगतात. सुरुवातीची फजिती कुणी सांगत नाही. पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश ठासून भरला होता. लोक कंटाळले. मग मालिकेचा मोहरा फिरवला. कुटुंबनियोजन मागे घेतलं आणि घरातल्या माणसांची भांडणं, हुंडा, बाईचं स्थान, पोरांच्या नोकऱ्या, हे पुढे आणलं. तेव्हा कुठे लोक घट्ट बसले. आता गंमत बघा. यादी होती, तक्ता होता, परदेशातला अनुभव होता, तरीही तेरा भाग फुकट गेले, कारण यादीतली वाक्यं जशीच्या तशी पात्रांच्या तोंडी घातली होती. पंचसूत्री म्हणून दाखवली म्हणजे गट चालला, असं समजण्यासारखंच हे. आम्ही नवं लिखाण वाचतो तेव्हा तक्त्यातलं वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडात सापडलं, की त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करतो. पहिल्या मसुद्यात एका पानावर अकरा गोल निघाले होते.

पण 'हम लोग'मधली मोठी गोष्ट भागवंतीची आहे आणि तिच्यापाशी आम्ही अजून अडलेलो आहोत.

साबिदोच्या हिशेबाने भागवंती कशी नसावी याचा नमुना होती. नवऱ्याचं ऐकून घेणारी, सासूचं ऐकून घेणारी, स्वतःसाठी काही न मागणारी बाई. तिचे हाल बघून बायका म्हणतील, असं जगणं नको रे बाबा, अशी अपेक्षा. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा निघालं भलतंच. पुष्कळ जणांना भागवंती आदर्श वाटली होती, आणि तसं वाटणाऱ्यांत बायका होत्या. बाई असावी तर अशी, घर धरून ठेवणारी. मालिकेने जिला धडा म्हणून उभं केलं, तिला लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं.

आम्ही आमच्यातल्या काही जणींच्या आयांना विचारलं, भागवंती आठवते का? एक जण लगेच म्हणाली, "तीच तेवढी खरी होती त्यात." दुसरी म्हणाली, "तिच्याकडे बघून मला वाटायचं, आपण एकट्या नाही." हे ऐकून आम्ही गप्प बसलो. भागवंतीला मानणाऱ्या बायकांना कळलं नव्हतं, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. पण या बायकांनी तिचं सोसणं ओळखलं होतं, त्याची किंमत ठाऊक असल्यामुळेच त्यांना तिचा आदर वाटत होता. तक्त्यात या बायकांसाठी रकाना नव्हता. डावीकडे चांगलं, उजवीकडे वाईट, आणि जिने उजवीकडे तीस वर्षं काढली तिने आपल्या आयुष्याला काय म्हणायचं?

मग हे आधी कसं ओळखायचं? यादीवर कितीही वेळ बसलं तरी ते उमजत नाही. त्यासाठी एका वेगळ्याच मालिकेची हकीगत कामाला येते. ती लहान मुलांची आहे, आणि त्यासाठी पुन्हा १९६९ सालात जावं लागेल, मारिया पेरूत लागली त्याच सालात, पण अमेरिकेत. तिथे 'सेसमी स्ट्रीट' सुरू व्हायची होती. आपल्याकडे पुढे २००६ साली 'गली गली सिम सिम' आली, ती हिचीच भारतीय बहीण. मुलांना अक्षरं, आकडे, काय काय शिकवायचं याची त्यांच्याकडे लांबलचक यादी होती, मोठमोठे बालमानसशास्त्रज्ञ सल्ल्याला होते. त्या तज्ज्ञांनी सांगितलं, खरी माणसं आणि बाहुल्या एका प्रसंगात आणू नका, मुलांचा गोंधळ होईल. म्हणून गल्लीतल्या प्रसंगांत नुसती माणसं ठेवली. जुलैमध्ये फिलाडेल्फिया शहरात पाच नमुना भाग दाखवून पाहिले. मुलं काय म्हणतात हे विचारत बसले नाहीत, मुलांचे डोळे कुठे जातात ते बघितलं. मालिकेच्या पडद्याशेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवं चित्र बदलत ठेवायचं आणि मुलाची नजर कोणत्या क्षणी तिकडे वळते ते टिपायचं, अशी त्यांची परीक्षा होती. निघालं असं, की बाहुल्या आल्या की मुलं खिळून बसतात आणि गल्लीतली माणसं बोलायला लागली की उठतात. तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवला, मोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडखोर ऑस्कर गल्लीत आणून बसवले, आणि १० नोव्हेंबरला मालिका सुरू झाली.

आमच्याकडे दुसरा पडदा कुठला असणार? आम्ही एवढंच करतो. कच्चा भाग मोबाइलवर लावतो, बायका शेंगा फोडत किंवा भाजी निवडत ऐकतात, आणि आमच्यातली एक त्यांच्या हातांकडे बघते. हात कुठे थांबले, कुठे भराभर चालायला लागले, कोण पाणी प्यायला उठली, ते लिहिते. विचारलं तर सगळ्या जणी "छान आहे" म्हणतात. हात खोटं बोलत नाहीत.

आता शेवटची हकीगत दक्षिण आफ्रिकेतली. तिथे 'सोल सिटी' नावाची मालिका १९९४ पासून चालली, गार्थ जाफेट या डॉक्टरने सुरू केलेली. लिखाणाआधी लोकांत जाऊन विचारायचं, मसुदा लोकांना वाचून दाखवायचा, मग बदलायचा, हा त्यांचा पायंडा. १९९९ सालच्या चौथ्या मालिकेत त्यांनी बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचा विषय घेतला. नवरा थाबांग हा समाजात मान असलेला शिक्षक. बायको मात्लाकाला. तिला मार पडतो हे सगळ्या आळीला माहीत, पण नवरा-बायकोच्या मधे कोण पडणार? आपल्याकडेही हेच म्हणतात, शब्दही जवळजवळ हेच. मग एका भागात तिच्या ओरडण्याचा आवाज येतो, आणि शेजारी घरातली पातेली, झाकणं घेऊन बाहेर येतात. कुणी दार तोडत नाही, कुणी त्याला मारत नाही. त्याच्या दाराबाहेर उभे राहून नुसती भांडी बडवतात. आम्हाला ऐकू येतंय, एवढंच त्याचं म्हणणं.

आम्हाला यातली युक्ती फार मोठी वाटते. आतापर्यंतच्या याद्या एकच विचारत होत्या, मार खाणारी बाई काय करील? सगळं ओझं तिच्यावरच. ती शिकेल, ती उठेल, ती अर्ज करील. 'सोल सिटी'ने विचारलं, शेजारीण काय करील? पातेलं प्रत्येकीच्या घरात असतं, त्याला हिंमत थोडी लागते आणि पैसा लागत नाही. आणि मेक्सिकोतल्या पुस्तिकांसारखं होऊ नये, याचीही तजवीज होती. बायकांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या संघटनांच्या जाळ्याबरोबर त्यांनी विनाशुल्क मदतवाहिनी चालवली. घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा १९९८ साली मंजूर होऊन अंमलबजावणीवाचून पडला होता, त्यासाठीही दोघांनी मिळून आवाज उठवला. १९९९ च्या डिसेंबरात कायदा लागू झाला. भांडी बडवण्याचा प्रकार मालिकेबाहेरही झाल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. थेंबिसा या वस्तीत एका गुत्त्यात एक माणूस बाईला मारायला लागला, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांनी हातातल्या बाटल्याच बडवल्या. आपल्या देशात २००८ साली 'बेल बजाओ' मोहिमेच्या छोट्या फिती दूरदर्शनवर लागायच्या, तुमच्यातल्या कित्येकींना आठवत असतील. आतून मारहाणीचा आवाज, बाहेरचा माणूस दाराची घंटा वाजवतो, आणि काहीतरी क्षुल्लक मागतो. जात तीच.

तर आमच्या वहीतला तिसरा प्रश्न आहे: शेजारीण काय करील? आणि चौथा, जो अजून पुरता लिहून झालेला नाही, भागवंतीचा आहे. तो आम्ही तीन वेळा खोडला. सध्या असा आहे: ज्या बाईला आपण चुकीची ठरवतोय, तिच्यासारखी जी रेडिओशी बसली आहे, तिच्या मनाला हे ऐकून काय होईल?

हा प्रश्न नुसता पुस्तकी राहिलेला नाही. आमच्या नव्या मालिकेत एका घरातल्या दोन जावा आहेत. धाकटी डगमगणारी. तिला गटात यायचंय, कर्ज काढून शेळ्या घ्यायच्यात, पण दिराचा आणि नवऱ्याचा धाक आहे. थोरली सोसणारी. थोरलीला नवरा मारतो आणि ती सकाळी उठून चुलीवर त्याचंच पाणी तापवते. आमच्या यादीप्रमाणे ऐकणाऱ्या बायका धाकटीबरोबर चालायला हव्यात. कच्चे चार भाग आम्ही दोन गावांत ऐकवले. धाकटी बोलायला लागली की हात चालू राहतात. थोरली आली की शेंगा तशाच मुठीत राहतात. एका गावात सर्वांत वयस्क आजी शेवटी म्हणाल्या, "तुमच्या त्या थोरलीला काही होऊ देऊ नका बरं." दुसऱ्या गावात एक बाई ऐकता ऐकता उठून गेली. ती का उठली हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी तिच्या मागे गेलं नाही. आमच्यापैकीही कुणी गेलं नाही, ती वही हातात असून.

त्या गावात दुसऱ्या दिवशी आमच्या दोघी जणी जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. संरक्षण अधिकारी कुठे बसतात, कोणत्या वारी भेटतात आणि त्यांच्या जागी कोण असतं, हे तालुक्याला जाऊन विचारून आलो. वहीत सही आणि तारीख पडली आहे.

पाचव्या भागात थोरलीच्या घरातून आवाज येणार आहे. ती स्वतः काय करते, यावर आमचं एकमत झालेलं नाही. दोघींचं म्हणणं, तिने त्याच रात्री घर सोडावं. एकीचं म्हणणं, ती सोडणार नाही, आणि सोडली तर ऐकणाऱ्या निम्म्या बायका आपल्याला सोडतील. बुधवारी त्यावर बसणार आहोत. शेजारणी काय करतात, एवढं मात्र ठरलंय. आवाजासाठी पातेली गोळा करतोय. स्टीलची पातळ पातेली नीट वाजत नाहीत. घरी जुनं पितळेचं असेल तर बुधवारी दुपारी दोनपर्यंत केंद्रावर आणून द्या, ध्वनिमुद्रण झालं की घासून परत मिळेल.